शेवाळ म्हणजे नक्की कोण? सजीवांचे मुख्य गट हाताने तपासून ओळखायची रीत

जुलै अर्धा उलटला की पुण्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे हिरवा थर चढतो आणि त्यावरून घसरलेला माणूस म्हणतो, "शेवाळ आहे, जपून!" घसरण्यापुरतं हे नाव ठीक आहे, पण वर्गीकरणाला त्याचा उपयोग नाही. भिंतीवरची मखमली गादी म्हणजे मॉस, ती वनस्पती. तळ्यातला केसांसारखा बुळबुळीत पुंजका बहुधा स्पायरोगायरा, ते शैवाल. आणि मैदानावर पावसानंतर दिसणारे काळपट हिरवे, जेलीसारखे गोळे म्हणजे नॉस्टॉक, तो चक्क जीवाणूंचा भाऊबंद. तिघेही ओले, तिघेही हिरवे, तिघांनाही मराठीत एकच शब्द.

रंग, आकार, हालचाल आणि बोलीतलं नाव या चार गोष्टींवर विसंबलं की गट चुकतो. त्याऐवजी काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे आणि प्रत्येकाचं उत्तर डोळ्यांनी तपासायचं. रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेली पंचसृष्टी पद्धत यासाठी सर्वांत सोयीची आहे. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके (बुरशी, अळंबी), वनस्पती आणि प्राणी हे तिचे पाच गट. पुढे संशोधनात बरंच बदललं, पण घरच्या किंवा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसू शकतं, त्याच्याशी हीच मांडणी नीट जुळते.

प्रश्नांचा क्रम

पहिला प्रश्न: याला पेशी आहे का? नसेल तर तो विषाणू, आणि तो पाचांपैकी कुठेच बसत नाही. पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. तिथे विषाणू पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आपल्या भिंगाखाली तो दिसणार नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

दुसरा: पेशीत केंद्रक, म्हणजे जनुकीय द्रव्याचा वेगळा गोळा, आहे का? नसेल तर मोनेरा. तिसरा: जीव एका पेशीचा की अनेक पेशींचा? केंद्रक असलेला एकपेशीय जीव बहुतेक वेळा प्रोटिस्टा; यीस्ट हा ठळक अपवाद, तो कवकांत जातो. चौथा: पेशीभोवती भित्तिका, म्हणजे ताठ भिंत, आहे का? अनेक पेशी आहेत आणि भित्तिका नाही, तर प्राणी. पाचवा: भित्तिका आहे, पण हरितद्रव्य आहे का? असेल तर वनस्पती, नसेल तर कवक. कुंपणाच्या झुडपांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल इथे दगा देते. तिच्यात हरितद्रव्य जवळपास नसतं, पण तिला फुलं आणि बिया येतात, म्हणून ती वनस्पतीच.

साहित्य आणि मोजमाप

१० पट नेत्रभिंग आणि ४, १०, ४० पट वस्तुभिंगं असलेला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. त्यातून ४०, १०० आणि ४०० पट मोठं दिसतं. घडीचा कागदी फोल्डस्कोप १४० पट दाखवतो. त्यात कांद्याची साल आणि पॅरामेशियम हा एकपेशीय जीव दिसतील, दह्यातल्या जीवाणूंसाठी तो अपुरा पडेल. शिवाय १० पट हातभिंग, काचपट्ट्या, आच्छादन काचा, ड्रॉपर, नवं ब्लेड आणि चिमटा घ्या. रंगद्रव्यं दोन: टिंक्चर आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं, त्याचा एक थेंब चार थेंब पाण्यात मिसळून वापरा. मिथिलिन ब्लू माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात माशांचं औषध म्हणून मिळतं. ते फिकट असतं, म्हणून एक मिनिटाऐवजी दोन-तीन मिनिटं ठेवा.

आधी दृष्टिक्षेत्र, म्हणजे भिंगातून दिसणारा गोल, मोजून ठेवा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग "खूप छोटं दिसलं" यापलीकडे वहीत काही उरत नाही. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ४० पट भिंगाखाली ठेवा आणि गोलात किती मिलिमीटर मावतात ते मोजा. साधारण ४.५ मिमी येतील. मग १०० पटीला ते क्षेत्र १.८ मिमी आणि ४०० पटीला ०.४५ मिमी, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. ४०० पटीला एखादा जीव गोलाचा पाव भाग व्यापत असेल, तर तो सुमारे ११० मायक्रोमीटर लांब.

त्यानंतर तुलनेसाठी दोन स्लाइड करा. कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या बाजूची पातळ साल काढून आयोडीनमध्ये ठेवा: विटांसारख्या पेशी, ठळक भित्तिका आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी केंद्रक. दुसरी स्लाइड गालाच्या आतल्या बाजूची. स्वच्छ इअरबड हलकेच फिरवा, काचेवर पुसा, वर मिथिलिन ब्लूचा थेंब. इथेही केंद्रक आहे, पण कडा वेड्यावाकड्या, कारण भित्तिकाच नाही. वनस्पती आणि प्राणी यांच्यातला मूळ फरक या दोन काचांवर आहे; पुढचा प्रत्येक नमुना यांच्याशीच ताडून पाहायचा.

मोनेरा: दह्याची स्लाइड

दह्याची स्लाइड सोपी वाटते आणि दहातल्या आठ जणांची बिघडते. कारण एकच: दही जास्त घेतलं जातं. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांशही रंग धरतात, मग सगळी काच निळी होते आणि त्यात जीवाणू हरवतात.

म्हणून घट्ट दही घेऊच नका. वर सुटलेल्या पाण्याचा एक थेंब दहा थेंब स्वच्छ पाण्यात मिसळा. या मिश्रणाचा थेंब काचेवर पातळ पसरा, इतका की काचेखाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता यावं. तो हवेत पूर्ण सुकू द्या. काच ज्योतीवरून तीन वेळा झटपट फिरवा. काच हाताला गरम लागावी, चटका बसू नये. ओली असताना तापवली तर पेशी फुटतात. आता मिथिलिन ब्लू, मग काच तिरपी धरून हळू पाण्याने धुवा, सुकवा. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून आच्छादन काच ठेवा. ४० पटीचं वस्तुभिंग आच्छादन काच गृहीत धरूनच बनवलेलं असतं. ती नसेल तर चित्र धूसर येतं आणि दोष उगाच सूक्ष्मदर्शकाला लागतो.

४०० पटीला बारीक ठिपक्यांच्या माळा आणि आखूड काड्या दिसतील. माळा गोलाणूंच्या, काड्या लॅक्टोबॅसिलसच्या. एका ठिपक्याचा व्यास सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे दृष्टिक्षेत्रात एका रांगेत साडेचारशे मावतील. आत केंद्रक शोधू नका, ते नसतंच. जनुकीय द्रव्य पेशीद्रवातच असतं. हे आदिकेंद्रकी.

नॉस्टॉकचा गोळा मिळाला तर भाताच्या शिताएवढा तुकडा काचेवर दाबून पाहा. निळसर हिरव्या मण्यांच्या माळा, मधूनच एखादा मोठा, फिकट मणी. या मोठ्या पेशी हवेतला नायट्रोजन बांधतात. मण्यांत हिरवा रंग सगळीकडे सारखा पसरलेला असतो, त्याची वेगळी पिशवी, म्हणजे हरितलवक, नसते. स्पायरोगायरात मात्र हिरव्या फितीचा मळसूत्री वेटोळा स्पष्ट दिसतो. शेवाळाच्या भांडणाचा निकाल इथेच लागतो.

याच आदिकेंद्रकींमधला एक गट, आर्किया, कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये जीवाणूंपासून वेगळा काढला. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन बनवणारे जीव त्यातलेच. दिसायला ते जीवाणूंसारखे, फरक रेणूंच्या पातळीवरचा. भिंगाने तो कळणार नाही.

प्रोटिस्टा: गवताचं पाणी

याची तयारी आठ-दहा दिवस आधी करावी लागते. सुकं गवत मूठभर, साधारण १० ग्रॅम, ५०० मिली पाण्यात दहा मिनिटं उकळा. थंड झालं की रुंद तोंडाच्या बरणीत ओता आणि त्यात कमळाच्या टाकीतलं किंवा तळ्यातलं ५० मिली पाणी, थोड्या गाळासह, मिसळा. मुठेच्या पात्रातलं पाणी नको. त्यात मैलापाणी असतं. तोंडाला सुती कापड बांधा आणि बरणी सावलीत ठेवा.

कापड दोन कारणांसाठी. घट्ट झाकण लावलं तर प्राणवायू संपून पाणी कुजतं आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. उघडं ठेवलं तर डास अंडी घालतात, आणि पावसाळ्यात घरात साठलेलं पाणी तपासायला महापालिकेची माणसं आली तर "प्रयोग आहे" हे उत्तर चालत नाही. बारा दिवसांनंतर पाणी संडासात ओतून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, ती जीवाणूंची वाढ. मग त्यांना खाणारे बारीक कशाभिकाधारी (चाबकासारखी शेपटी असलेले) जीव येतात आणि साधारण आठव्या दिवसापासून पॅरामेशियम. काहीच आलं नाही तर बहुधा तळ्याच्या पाण्याऐवजी नळाचं क्लोरीन असलेलं पाणी घातलं गेलेलं असतं, किंवा बरणी उन्हात तापलेली असते.

थेंब घ्यायचा तो पृष्ठभागावरच्या सायीच्या अगदी खालून, काचेच्या कडेजवळून. पॅरामेशियम ०.१ ते ०.३ मिमीचा, चपलेच्या तळव्यासारखा. तो इतका पळतो की ४०० पटीला नजरेत ठरत नाही. कापसाचे चार-पाच तंतू थेंबात टाका. त्यांत अडकला की अंगभरचे केसांसारखे रोमक आणि आकुंचन पावणारी गोल रिक्तिका (पेशीतली पिशवी) निवांत पाहता येते. अमिबा हवा असेल तर थेंब तळाच्या गाळातून घ्या आणि प्रकाश कमी करा. भर उजेडात तो पारदर्शकच राहतो.

पाणी हिरवट असेल तर युग्लीना मिळेल. हरितलवक असलेला, स्वतः अन्न बनवणारा आणि तरीही चाबकासारख्या कशाभिकेने पोहणारा. वनस्पती की प्राणी, या दोनच खणांत सगळं बसवायचं म्हटलं की असे जीव अडतात. प्रोटिस्टा हा स्वतंत्र गट करावा लागला त्याचं हे मोठं कारण. खरं तर या गटाला स्वतःची अशी एकसंध ओळख नाही. जे इतर कुठे बसत नाही ते इथे येतं.

कवके: पाव, यीस्ट आणि मसाल्याचा डबा

बेकरीतला ताजा, सुटा पाव घ्या. पाकीटबंद ब्रेडमध्ये बुरशीरोधक असल्याने वाट पाहून कंटाळा येतो. अर्ध्या पावावर दहा-बारा थेंब पाणी शिंपडा, अर्धा तास उघडा ठेवा, मग पारदर्शक पिशवीत बंद करून अंधाऱ्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत पांढरे तंतू दिसतात, मग त्यांवर टाचणीच्या डोक्यांसारखे काळे ठिपके. ती ऱ्हायझोपस या बुरशीची बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी. निळसर हिरवा चूर्णासारखा थर आला तर तो बहुधा पेनिसिलियम किंवा ॲस्परजिलस. पिशवी घरात उघडू नका, वास घेऊ नका, दमा असलेल्याने तर लांबच राहावं. हातभिंगाने पिशवीबाहेरून पुरेसं दिसतं.

इथे बघायची गोष्ट म्हणजे खाण्याची पद्धत. बुरशी पावाचा तुकडा तोडून गिळत नाही. ती पाचकरस बाहेर सोडते, पाव तिथेच पचवते आणि विरघळलेलं अन्न शोषते. ही बाहेर पचवून शोषायची रीत आणि पेशीभित्तिकेतलं कायटिन नावाचं द्रव्य ही कवकांची खरी खूण. वनस्पतींच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं.

यीस्टसाठी १०० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि अर्धा चमचा सुकं यीस्ट घालून अर्धा तास ठेवा. पाणी हाताला जेमतेम कोमट लागावं. चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि फेस येत नाही. ४०० पटीला अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटलेल्या कळ्या दिसतात. दह्याची स्लाइड लगेच शेजारी लावा. यीस्टची पेशी पाच ते आठ मायक्रोमीटरची, म्हणजे दह्यातल्या ठिपक्याच्या कित्येक पट. दोन्ही आंबवतात म्हणून दोन्हींना जीवाणू म्हणायची सवय त्या एका नजरेत सुटते.

आता गोड्या मसाल्यातलं दगडफूल. ते दगड नाही, फूलही नाही. ती कवक आणि शैवाल यांची भागीदारी, म्हणजे दगडफूल या नावानेच ओळखला जाणारा शैवाक. एक तुकडा अर्धा तास पाण्यात भिजवा. गाजराच्या तुकड्याला उभी चीर पाडून त्यात तो अडकवा आणि नव्या ब्लेडने गाजरासकट कागदासारखे पातळ काप घ्या. बटाटा वापरू नका, त्याच्या पिष्टाचे कण सगळीकडे पसरतात. वीस कापांतला एखादा जमतो. ४०० पटीला वर कवकाचा दाट थर, त्याखाली हिरव्या गोल पेशींची पट्टी, आणि त्याखाली पांढऱ्या तंतूंचा सैल गुंता. कवक आसरा आणि ओल देतं, शैवाल अन्न बनवतं. डब्यात जुनं झालेलं दगडफूल असेल तर हिरवी पट्टी पिवळट पडलेली असते. मग वेताळ टेकडीवर खाली पडलेल्या फांदीवरचा तुकडा उचला. झाडावरचा खरवडू नका, हे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.

टेकडीवर वारुळाजवळ उगवलेली अळंबी दिसली तर टोपी काढून, पट्ट्यांची बाजू खाली करून, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर वाटीखाली ठेवा. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. ठशाने प्रजातीचा अंदाज येतो, खाण्याजोगी आहे की नाही ते ठरत नाही.

वनस्पती

इथे विचारायचे प्रश्न तीन: पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत का, बी येतं का, बी फळात झाकलेलं असतं का?

मॉसला अशा ऊती नाहीत, म्हणूनच ते भिंतीला चिकटून बोटभराच्या आत राहतं. चिमटीभर गादी धुऊन हातभिंगाखाली धरा: इवली पानं, खाली मुळांऐवजी धाग्यांसारखे मूलाभ आणि वर बारीक देठावर बीजाणूंची कुपी.

नेच्याला (फर्नला) अशा ऊती आहेत, बी नाही. पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून कुंडीतली पानं कापली जातात. कीड ओबडधोबड पसरते. हे ठिपके शिरांच्या हिशोबाने ओळीत असतात. पान पांढऱ्या कागदावर पालथं ठेवून वर जड पुस्तक ठेवा, सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उतरते. जुन्या विहिरींच्या आणि वाड्यांच्या ओल्या भिंतींवरचा काळ्या देठाचा हंसराज हाही नेचाच.

बी आहे पण उघडं, ते अनावृत्तबीजी: बंगल्यांच्या दारातला सायकस, मोरपंखी. सायकसला ताड समजतात, पण त्याला फूल येत नाही, शंकू येतो. उलट सुरू हे झाड पाइनसारखं दिसून फसवतं. ते फुलणारं, आवृत्तबीजी आहे.

आवृत्तबीजींत हरभरा आणि मका रात्रभर भिजवून सोला. हरभऱ्याच्या दोन डाळी होतात, तो द्विबीजपत्री; मक्याच्या होत नाहीत, तो एकबीजपत्री. पानांच्या शिरा आणि मुळंही सहसा तेच सांगतात, पण अळूचं पान द्विबीजपत्रींसारखं जाळीदार भासूनही ते एकबीजपत्री आहे, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. नदी झाकणारी जलपर्णी शेवाळ नव्हे, हेही इथेच नोंदवावं. जांभळी फुलं येणारी ती एकबीजपत्री वनस्पती.

प्राणी: मासळी बाजार आणि कुंडी

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात एका फेरीत प्राण्यांचे तीन संघ, म्हणजे मोठे गट, पाहता येतात. कोळंबी आणि चिंबोरी संधिपाद: सांध्यांचे पाय, बाहेर कायटिनचं कवच. तिसऱ्या (शिंपल्या) आणि माकूल (स्क्विड) मृदुकाय: मऊ, खंड नसलेलं शरीर, तिसऱ्यांचं कवच बाहेर, माकुलाच्या अंगात पारदर्शक पात्यासारखं काही हाताला लागतं, तो कवचाचाच अवशेष. बांगड्याच्या कल्ल्यांवर झाकण असतं, मोरीच्या (लहान शार्कच्या) मानेजवळ उघड्या फटी. बांगड्याचा सांगाडा हाडांचा, मोरीचा लवचीक कूर्चेचा. दोघांनाही पाठीचा कणा आहे, कोळंबीला नाही, म्हणून बाजारात सगळ्यांना मासळी म्हटलं तरी मासे फक्त हे दोन. तारामासा, जेलीफिश ही नावंही अशीच फसवी, आणि देवमासा तर सस्तन.

बागेत पाय मोजा. सहा पाय कीटक. आठ पाय कोळी किंवा विंचू. प्रत्येक खंडाला एक जोडी असेल तर गोम, दोन जोड्या असतील तर वाणी. गोम चावते, वाणी गुंडाळून पडतो, तेव्हा मोजणी गोमेला हात न लावता करावी. गोगलगाय काचेवर चालवून खालून पाहा. पोटाची रुंद पट्टी लाटांसारखी हलते. "पोटात पाय" ही म्हण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही तंतोतंत आहे: त्या वर्गाचं नावच उदरपाद.

गांडूळ वलयी: अंगभर सारखी वलयं, पुढच्या भागात जाड गुळगुळीत पट्टा. पावसाळ्यात कुंडी उपसताना गांडुळासारखंच, पण तकतकीत काळपट, झरझर वळवळणारं काही निघालं तर थांबा. पट्टा नसेल, हातभिंगातून बारीक खवले दिसत असतील आणि एका टोकाला इवली जीभ लपलपत असेल, तर तो वाळा, बिनविषारी साप, सरीसृप. वलयं आहेत, खवले दिसत नाहीत, त्वचा ओलसर आणि तोंडाला जबडा आहे, तर ते सह्याद्रीच्या ओल्या मातीतलं देवगांडूळ, बेडकाच्या वर्गातलं उभयचर. तिघांचा आकार एक, पण पहिल्याला कणा नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. हातभिंग फिरवून झालं की त्याला त्याच कुंडीतल्या ओल्या मातीत सोडा आणि वर पालापाचोळा पसरा.